कापसाचा विषय

आमच्या वेळी कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धांचे विषय ठरलेले असत. विज्ञान शाप की वरदान, शहर चांगलं की खेडं, तलवार श्रेष्ठ की लेखणी. पहिल्या वर्षी मी लेखणीच्या बाजूनं बोललो. दुसऱ्या वर्षी हुंड्याविरुद्ध बोललो. हुंड्याच्या बाजूनं बोलायला ज्याला उभं केलं होतं तो बिचारा घामानं भिजला, सभागृह हसलं, आणि बक्षीस मला मिळालं. त्या बक्षिसाचा मला पुढे फार दिवस अभिमान नव्हता.

1986 च्या दिवाळीनंतर जळगावहून धुळ्याला आमच्या कॉलेजात एक पत्र आलं. तेव्हा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ व्हायचं होतं. जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पत्रात लिहिलं होतं की यंदाची स्पर्धा आर्थिक धोरणावर होईल, भाग घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजानं एक विषय सुचवावा, त्यातून एक निवडला जाईल. नियम नेहमीचे: एका कॉलेजचे दोन स्पर्धक, एक अनुकूल बाजूनं, एक प्रतिकूल. सात मिनिटं. पाचव्या मिनिटाला पहिली घंटा.

आमच्या संघात मी आणि माझा जोडीदार. दोघंही शिरपूर तालुक्याचे. मी शेतकऱ्याचा पोरगा, तो अडत्याच्या घरातला. त्याच्या आजोबांची कापसाची अडत होती, ती 1972 नंतर बसली. घरी मोठे तराजू अजून भिंतीला टांगलेले होते. सुटीत आम्ही एकाच एसटीनं गावी जायचो, पण कापसाबद्दल कधी बोललो नव्हतो.

अर्थशास्त्राचे सर आम्हाला संध्याकाळी त्यांच्या खोलीवर बोलवायचे. विषय कसा निवडायचा हे त्यांनी शिकवलं, आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांत अर्थशास्त्र जेवढं कळलं नाही तेवढं त्या चार-पाच संध्याकाळी कळलं. ते म्हणाले, "ज्या विषयाची एक बाजू घेताना लाज वाटते तो वादाचा विषयच नाही. तुझं हुंड्याचं बक्षीस आठव." मी मान खाली घातली. मग म्हणाले, "ठराव वाचून झाल्यावर उद्या सकाळी सरकारनं नेमकं काय करायचं ते कळलं पाहिजे. 'शेतकरी सुखी व्हावा' हा ठराव नाही, आशीर्वाद आहे."

आम्ही विषय सुचवत गेलो आणि सर खोडत गेले. रोजगार हमी योजना मीच सुचवली. 1972 च्या दुष्काळात सुरू झालेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, सगळ्या देशात आपल्या राज्याची म्हणून ओळख. पण दुष्काळात आमच्या घरातल्या बाया खडी फोडायला गेलेल्या. विरुद्ध बोलणार कोण? पुन्हा हुंड्यासारखंच झालं असतं. जोडीदार म्हणाला, सुवर्ण नियंत्रण कायदा घेऊ. स्पर्धा जळगावात आहे, तिथला सराफ बाजार केवढा. 1968 चा तो कायदा तेव्हा लागू होता. सर म्हणाले, मग बोलणार सराफांचीच मुलं, बाकीचे पुस्तक वाचून येणार. 1985 च्या जूनमधलं केंद्राचं नवं कापड धोरण सरांना स्वतःला आवडलं होतं. कृत्रिम धाग्याला मोकळीक देणारं ते धोरण. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या कापडाला 'राजीवस्त्र' असं नाव ठेवून त्याविरुद्ध रान उठवलेलं. धुळ्यात यंत्रमाग, अमळनेरला प्रताप मिल, म्हणजे विषय आमच्या अंगणातलाच. पण त्या खोलीत आम्ही तिघंही टेरिकॉटचे शर्ट घालून बसलो होतो. हे सरांच्याच लक्षात आलं आणि ते मोठ्यानं हसले.

शेवटी ते म्हणाले, "तुम्ही दोघं शिरपूरचे. कापसाचं नाव अजून एकानंही काढलं नाही. का?"

आम्ही गप्प. कारण दोघांनाही माहीत होतं.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्र विधिमंडळानं 1971 मध्ये कायदा केला आणि 1972 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. राज्यात पिकलेला कापूस शेतकऱ्यानं सरकारी केंद्रावरच घालायचा. व्यापाऱ्यानं विकत घ्यायचा नाही, कोणी राज्याबाहेर न्यायचा नाही. केंद्रावर ग्रेडर प्रत ठरवणार, त्या प्रतीचा हमीभाव मिळणार. सरकी काढून, रुईच्या गाठी बांधून सरकारची यंत्रणा त्या विकणार, आणि हंगामाअखेर नफा उरला तर त्याचे चारांतले तीन भाग शेतकऱ्याला जादा भाव म्हणून, चौथा भाव-चढउतार निधीत. कागदावर याच्यापेक्षा न्यायाची योजना मी आजही दाखवू शकत नाही. देशात दुसऱ्या कोणत्याही राज्यानं असं केलं नव्हतं.

आणि खानदेशाला हे का हवं होतं, तेही सरांनी त्या संध्याकाळी मागे नेऊन सांगितलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळवरून गेली. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव आपटले, मुंबईत सट्टेवाल्यांच्या बँका बुडाल्या. भाव चढला तेव्हा शेतकऱ्यानं जमिनीवर कर्ज काढलेलं होतं. भाव पडला तेव्हा कर्ज तेवढंच राहिलं. अमेरिकेत कोण कोणाशी लढतंय हे शिरपूरच्या माणसाला ठाऊक नव्हतं, पण हिशेब त्याच्या वहीत मांडला गेला. 1927 मध्ये मुंबई इलाख्यात कापूस बाजारांचा कायदा झाला तरी कडता, धर्मादाय, हमाली असं कापत कापत पैसा हातात येईपर्यंत निम्मा जीव जायचा. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे. ज्याचा माल, त्यालाच भाव शेवटी कळायचा.

"आर्थिक धोरणावर वाद घालणं खानदेशाला नवं नाही," सर म्हणाले. "डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेस भरली. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. नंदलाल बोसांनी बांबूनं सगळा मंडप सजवलेला. पण लोक मंडपच सांगतात. तिथं शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला ते कोणी सांगत नाही. सारा कमी करा, खंड कमी करा, कर्जातून सोडवा. लाखो लोक चालत, गाड्या जुंपून गेले ते काय बांबू बघायला?"

त्या शनिवारी मी गावी गेलो. तापीच्या पुलावरून एसटी गेली तेव्हा पलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग दिसली. केंद्र अजून बरंच पुढे होतं.

आमच्या घरी बोलणं अहिराणीत चालतं. ओसरीवर कापूस भरून ठेवलेला, अर्धा एच-4, अर्धा देशी वाय-1. आम्ही भावंडं त्या ढिगाच्या कडेला झोपायचो. आबांना मी विषय सांगितला. मला वाटलं होतं ते योजनेला शिव्या घालतील आणि माझं भाषण आयतं तयार होईल. शिव्या त्यांनी घातल्याच. काट्यावर तीन दिवस गाडी उभी. बैलांचा चारा घरून न्यायचा. ग्रेडरनं मूठभर कापूस उचलून फेकला की वर्षाची प्रत ठरली. चुकारा बँकेतून, तोही सोसायटीचं कर्ज कापून. "भाव शे, पन पैसा कोठे शे?" ते म्हणाले. घरात बहिणीचं लग्न माघात धरलेलं होतं आणि मागच्या खेपेच्या चुकाऱ्याचा पत्ता नव्हता.

मी म्हणालो, "म्हणजे योजना बंद करा असंच ना?"

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "बंद करा आसं कोन म्हनस?" आणि मग आजोबांच्या वेळचा रुमालाखालचा भाव त्यांनी मला पुन्हा सगळा ऐकवला.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी आम्हा दोघांना माहीत होती आणि सरांना नव्हती. शिरपूरहून आग्रा रोडनं उत्तरेला गेलं की पळासनेर, मग राज्याची हद्द, मग बिजासनचा घाट आणि सेंधवा. सेंधव्याला कापसाचा मोठा बाजार, जिनिंग कारखाने, आणि तिथं एकाधिकार नव्हता. रोख पैसा. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच्या एका हिवाळ्यात तिकडचा भाव आमच्या केंद्रापेक्षा क्विंटलमागे साठ-सत्तर रुपयांनी वर होता. रोडवर नाका होता, म्हणून गाड्या रात्री सातपुड्याच्या पायथ्यानं निघायच्या. आबांनी आठ क्विंटल नेले. बैलांचे घुंगरू काढून ठेवले, चाकाला दुप्पट वंगण घातलं. मी बारावीत होतो, गाडीमागे चालत होतो. हद्दीच्या अलीकडे एका नाल्यात ट्रक उभा होता. माल मोजून घेणारा माणूस माझ्या जोडीदाराचा काका होता.

आणि 1985 च्या हंगामात उलटं झालं. देशभर कापूस उदंड पिकला, बाहेरचे भाव कोसळले, आपल्या राज्याचा हमीभाव वर राहिला. मग त्याच वाटेनं निमाडचा कापूस आमच्याकडे येऊ लागला आणि इथल्या कोणाच्या तरी नावावर केंद्रावर पडू लागला. वाट तीच, नालाही तोच. बाहेर भाव चढला की आपला चांगला माल पळून जायचा, योजनेला नफा मिळणार कुठून? बाहेर पडला की दुसऱ्यांचाही माल गळ्यात, तोटा मात्र आपल्या एकट्याचा. दोन्ही बाजूंनी खुल्या बाजारानं वेढलेल्या एका राज्यात एकाधिकार चालवणं म्हणजे कुंपण नसलेल्या शेताला दार बसवण्यासारखं होतं. हे मला पुस्तकात सापडलं नाही. गाडीमागे चालताना जे पाहिलं होतं, ते सरांच्या खोलीत जुळलं.

मग ठरावाच्या शब्दांवर भांडण झालं. जोडीदाराला हवं होतं: 'कापूस एकाधिकार योजना रद्द करावी.' मला आबांचे शब्द आठवत होते. मी म्हणालो, हमीभाव ठेवा आणि सक्ती काढा, असा ठराव करू. सर म्हणाले, "तो ठराव नाही, तो तोडगा आहे. तोडगा तुमच्या भाषणात येऊ दे, विषयात नको. आणि सक्ती काढल्यावर व्यापारी चांगला माल उचलणार, खराब माल सरकारला, मग हमीभाव कशातून देणार? याचं उत्तर आधी काढ." उत्तर मला तेव्हा सापडलं नाही. शेवटी पाठवलं ते साधं वाक्य: 'कापूस एकाधिकार खरेदी योजना शेतकऱ्यांच्या हिताची आहे.' जळगावनं तेच निवडलं.

बाजू सरांनी ठरवल्या. अडत्याच्या नातवाला अनुकूल, मला प्रतिकूल. जोडीदार रागावला. "घरी काय सांगू?" म्हणाला. सर म्हणाले, "आजोबांनाच विचार, योजनेत चांगलं काय होतं. धंदा ज्यानं गमावला त्याला ते पक्कं ठाऊक असतं." आणि तो खरंच जाऊन विचारून आला.

तेवढ्यात 10 डिसेंबर उजाडला. परभणी जिल्ह्यात सुरेगावला शेतकरी संघटनेचं कापसाच्या भावासाठी आंदोलन चाललेलं होतं, तिथं पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. कॉलेजात कुजबुज सुरू झाली की आता हा विषय नको, वातावरण तापलंय, लेखणी आणि तलवार बरी. जळगावहूनही विचारणा झाली. सरांनी काय उत्तर लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. विषय बदलला नाही एवढं खरं.

जानेवारीत आम्ही पारोळा-एरंडोलमार्गे एसटीनं जळगावला गेलो. सभागृह भरलेलं होतं, मागे पंचे गुंडाळलेले शेतकरीही बसलेले, ते कोणी बोलावले होते कोण जाणे. जोडीदार माझ्या आधी बोलला. त्यानं आजोबांचे हिशेब मांडले: शंभर रुपयांच्या कापसातून कडत्याला किती जात होते, धर्मादायाला किती, आणि त्या धर्मादायाचं देऊळ कुठं बांधलं गेलं. व्यापाऱ्याच्या घरातला मुलगा हे बोलतोय हे लोकांना माहीत नव्हतं, तरी टाळ्या पडल्या.

माझी वेळ आली. सरांबरोबर घोकलेले मुद्दे मी बोललो. सक्तीबद्दल, उशिरा मिळणाऱ्या चुकाऱ्याबद्दल, दिल्लीकडून पुन्हा पुन्हा मुदतवाढ मागावी लागते त्याबद्दल. पाच मिनिटांची घंटा झाली. समोर मागे बसलेले लोक चुळबुळत होते, हे सगळं त्यांना पाठ होतं. आणि मी ठरवलेलं नसताना बोलून गेलो. आमच्या भागातला एक शेतकरी, म्हणालो, स्वतःच्या शेतातला, स्वतःच्या बायकापोरांनी वेचलेला कापूस स्वतःच्याच गाडीत घालून निघतो आणि घुंगरू काढून ठेवतो. चोराला घुंगरू काढावे लागतात. ज्या योजनेत मालकाला स्वतःच्या मालाचा चोर व्हावं लागतं ती त्याच्या हिताची कशी?

मागून टाळ्या आल्या त्या बराच वेळ चालल्या. करंडक धुळ्याला आला. मला पहिलं, जोडीदाराला तिसरं. परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. पारोळा गेल्यावर म्हणाला, "नाल्याचं बोलला नाहीस ते बरं केलं."

पण स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: कॉलेजचं नाव, माझं नाव, गावाचं नाव आणि 'घुंगरू काढणारा शेतकरी'. आमच्या गावात घुंगरांची बैलजोडी किती जणांकडे होती? आबांना पारावर कोणीतरी ते वाचून दाखवलं. पुढच्या रविवारी मी घरी गेलो तेव्हा ते कडबा कापत होते. वर न बघता म्हणाले, "ती गाडी मनी व्हती ना?"

मी हो म्हणालो. ते कापत राहिले.

त्या आठवड्यात आमची शेवटची मोठी गाडी केंद्रावर लागली. प्रत एकानं खाली लागली. माय म्हणाली, पेपरामुळेच झालं. आबा म्हणाले, कार्तिकातला पाऊस लागलाय, बोंडं डागाळली होती, ग्रेडरचा काय दोष. पाऊस झाला होता हे खरं. पण त्याच वावरातली आधीची गाडी वरच्या प्रतीत गेली होती हेही खरं. मी ते दोन्ही कापूस मनात किती वेळा शेजारी शेजारी ठेवून पाहिले असतील. बहिणीचं लग्न माघातून वैशाखात गेलं. चुकारा चैत्रात आला, सोसायटीचं कापून.

योजना पुढे आणखी पंधरा वर्षं चालली. हमीभावाच्या वर आगाऊ जादा भाव द्यायची राज्याला सवय लागली, निवडणूक जवळ आली की तो वाढायचा, आणि तोटा साचत गेला. 2002 च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना खरेदी मोकळी झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि आमच्या ओसरीवरून देशी वाय-1 दिसेनासा झाला. आता व्यापारी पिकअप घेऊन दारात येतो, खेडा खरेदी म्हणतात तिला. इलेक्ट्रॉनिक काटा, रोख नोटा. आमचा कापूस उजेडी गुजरातला जातो, कोणी अडवत नाही. भाव फारच पडला तर सीसीआयचं केंद्र आहे. तिथं सातबारा, आधार, नोंदणी आणि कापसात बारा टक्क्यांच्या आत ओल. रांग तशीच आहे, फक्त गाड्यांच्या जागी ट्रॅक्टर.

म्हणजे हमीभाव राहिला आणि सक्ती गेली. मी सुचवलेला तोडगाच. सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र रांगेत उभं राहिलं की रोज नव्यानं शोधावं लागतं.

जोडीदार सेंधव्याला जिनिंगमध्ये भागीदार झाला, आता मुलगा बघतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्यानं त्यांच्याच पिकअपला माल दिला. मोजताना मी उभा होतो. जोडीदाराच्या मुलानं काट्यावरचा आकडा वाचला, क्विंटलमागे एक किलो कमी धरला.

"हे काय?" मी विचारलं.

"कडता, काका," तो म्हणाला.